तारमास्तरांचं पाचवं घर

राष्ट्रीय संघाच्या कोचला खेळाडू पाठीमागे तारमास्तर म्हणत. तारा बंद होऊन जमाना लोटला, निम्म्या संघाने तर तार डोळ्यांनी पाहिलेलीही नसेल. पण तार आली की घरात आधी रडारड व्हायची आणि मग ती वाचली जायची, एवढं प्रत्येकाने आपापल्या आजीकडून ऐकलेलं होतं. ह्या माणसाचंही तसंच होतं. संघ निवडायच्या आठवड्यात तो दारात दिसला की खुशाल समजावं, आपलं नाव कापलं गेलं. वगळलेल्या प्रत्येक खेळाडूला तो स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगायचा. फोन नाही, चिठ्ठी नाही, सहायकाला पुढे करणं नाही.

ह्या कामाचे त्याचे काही नियम होते. घरात गेल्यावर बसायचं नाही. आधी निरोप, मग पाणी. एकदा पाणी घेतलं की माणूस पाहुणा होतो आणि पाहुण्याच्या तोंडून वाईट शब्द निघत नाही, असं त्याचं म्हणणं. हे शहाणपण ठेच लागून आलेलं होतं. पहिल्याच वर्षी एका आघाडीच्या खेळाडूच्या आजीने त्याला हाताला धरून बसवलं, दोनदा चहा पाजला, नातवाचे रांगतानाचे फोटो दाखवले, आणि हा आपला गेला तसा परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा. आजीने विचारलं, काल काही विसरून गेला होता का. विसरला नव्हता, गिळून गेला होता, पण आजीला ते कसं सांगणार?

निरोपाचं वाक्यही ठरलेलं होतं. "ह्या वेळी मी तुला घेतलं नाही." आणि लगेच कारण. "घेता आलं नाही" असं म्हणायला त्याची सक्त मनाई होती, स्वतःला आणि सहायकांनाही. घेता आलं नाही म्हणजे काय, कुणी हात बांधले होते का? निवडणारा मी, तर सांगणाराही मीच. मराठीत अशा पळवाटा पुष्कळ आहेत, करता आलं नाही, राहून गेलं, होऊन गेलं. चुकणाऱ्याला अंग चोरून निसटण्यासाठी भाषेने मागच्या दाराची सोयच करून ठेवली आहे. हा माणूस त्या दाराने जात नसे.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायचं तर बस डेपोच्या मागच्या चाळीपासून सुरुवात करायला हवी. वडील डेपोत मेकॅनिक होते. चाळीतली मुलं फुटबॉल खेळायची ती डेपोच्या मागच्या आवारात, मोडक्या बस उभ्या असत तिथे. चेंडू बसखाली गेला की ज्याच्या हातून तो सुटला त्यानेच सरपटत जाऊन काढायचा, हा कायदा. खाली ग्रीस, ऑइल, काचा. घरी आई कपडे बघायची आणि मग मुलगा बघायची. मार चुकवायचा तर चेंडू आपल्याला ओलांडून जाऊच द्यायचा नाही, एवढं साधं गणित होतं, आणि त्या गणितातून देशाला एक चांगला बचावपटू मिळाला. लोक पुढे त्याच्या खेळाची मोठमोठी कारणं सांगत. खरं कारण आईचा हात.

तो बारा वर्षांचा असताना भाऊ झाला आणि सोळाचा असताना वडील गेले. चार वर्षांच्या धाकट्याला सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं, म्हणजे खेळायला जाताना तो बरोबर येणार हे ओघानं आलंच. आता चार वर्षांच्या पोराला कुठे उभं करणार? गोलात. दोन टायर ठेवले की गोल, आणि मधे हा चिमुरडा. थोरला संध्याकाळभर त्याच्याकडे चेंडू फेकायचा, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. धाकटा पडायचा, रडायचा, उठून म्हणायचा, "दादा, अजून एक टाक." अशी हजारो टाकली असतील. त्या अंगाची प्रत्येक हालचाल थोरल्याला पाठ झाली.

अठराव्या वर्षी वीज कंपनीने त्याला संघात घेतलं आणि पोटापाण्याला मीटर रीडरची नोकरी दिली. सकाळी खांद्याला झोळी लावून घरोघर हिंडायचं, दुपारी सराव. मीटर रीडरला कुणी या बसा म्हणत नाही. त्यामुळे परक्या दारात कसं उभं राहायचं, नको असलेला आकडा सरळ चेहऱ्याने कसा सांगायचा, हे तो तेव्हाच शिकला. पुढे राष्ट्रीय संघात गेला, एकतीस सामने खेळला. भपका काही नाही, पण त्याच्या बाजूने गोल झाला तर वर्तमानपत्रं ती बातमी ठळक छापत, इतकं ते क्वचित घडे.

तिसाव्या वर्षी त्याला वगळलं. त्या काळी यादी संघटनेच्या कचेरीबाहेर फळ्यावर लागायची. ती बघायला तो गेला, एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि त्याला काय सुचावं! तो आत गेला आणि कारकुनाला म्हणाला, "यादीत टाइपाची चूक झालीय, एक नाव राहिलंय." कारकून बिचारा सज्जन. पेन्सिल घेऊन बाहेर आला, एकेका नावावर टेकवत मोजलं आणि म्हणाला, "नाही हो, वीस आहेत. वीसच पाहिजेत." त्याला चेहऱ्यावरून माणूस ओळखता आला नव्हता. घरी आईने प्रवासाचे शर्ट इस्त्री करून ठेवले होते. दोन दिवस ते तसेच पलंगाच्या कडेला पडून होते आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. आपण वाईट खेळलो याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. पण आपण त्या कारकुनाला चूक दुरुस्त करायला सांगितली, ही लाज आयुष्यभर पुरली. हातात कधी यादी आलीच तर कुणालाही फळ्यासमोर उभं राहून मोजायला लावायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

यादी हातात यायला चौदा वर्षं गेली. आधी कंपनीचा लहान संघ, मग मोठा, मग राष्ट्रीय संघाचा सहायक, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मुख्य कोच. आता पद मिळालं म्हणजे मान द्यायला हवा, तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना 'ते' म्हणू. सगळं गाव म्हणायलाच लागलं होतं. बायको आधीपासून अहो-जाहो करायची, शेजारी साहेब म्हणू लागले, लहानपणी बरोबर ग्रीसमध्ये लोळलेले मित्रसुद्धा एकाएकी 'तुम्ही'वर आले. 'तू' म्हणणारी जगात दोनच माणसं उरली, आई आणि धाकटा.

त्यातला धाकटा तर त्यांच्याच संघात होता. मास्तर कोच व्हायच्या चार वर्षं आधीपासून तो देशाचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर होता, त्यामुळे वशिल्याचा प्रश्न नव्हता. तरी वर्तमानपत्रांना लिहायला काहीतरी लागतं, त्यांनी 'घरचा गोलकीपर' लिहून घेतलंच. म्हणून दोघांनी आपसात एक करार केला. मैदानाच्या फाटकाच्या आत 'सर' आणि 'तुम्ही', बाहेर 'दादा' आणि 'तू'. फाटक ओलांडताना धाकटा चप्पल बदलावी तसा शब्द बदलायचा. एकदाच फसला. पेनल्टीच्या सरावात मास्तरांनी चेंडू आभाळात मारला आणि धाकटा ओरडला, "दादा, नीट मार ना रे!" अख्खा संघ पोट धरून हसला. मास्तरांनी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. तो मुकाट्याने धावला. फाटकाबाहेर पाऊल पडताच मात्र त्याने घरापर्यंत भावाची खरडपट्टी काढली, अगदी तू-तू करून. मास्तर ऐकत चालले होते आणि मनातून खूश होते.

दोन वर्षांनी न घडणारी गोष्ट घडली. संघ पहिल्यांदाच जगातल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी पात्र ठरला. तेवीस जणांची निवड करायची होती, त्यात तीन गोलकीपर. अठ्ठावीस जणांचं शिबिर भरलं होतं, म्हणजे पाच जण गळणार.

मास्तरांना पाचवं नाव माहीत होतं. आदल्या मोसमापासून धाकटा डावीकडच्या खालच्या चेंडूवर अर्धा श्वास उशिरा पडत होता. चौतीस वर्षांचा झाला होता, कमरेचं दुखणं अंगावर काढत होता. हे इतर कुणाला दिसलं नव्हतं. दिसणार तरी कसं? त्यासाठी टायरांच्या मधे उभ्या असलेल्या पोराकडे हजारो चेंडू टाकलेले असावे लागतात. त्याच्यामागचे तिघेही आता त्याच्याहून चपळ होते. निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, तिसरा म्हणून तरी न्या, पोरं त्याचं ऐकतात. मास्तर म्हणाले, तिसऱ्यावरही वेळ येऊ शकते, आणि वेळ आली तर चेंडू अडला पाहिजे. हे बरोबरच होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. 'भावाला फुकटचा फिरवून आणला' हे वाक्य छापलेलं बघायची त्यांची तयारी नव्हती, हेही तितकंच खरं. न्यायाच्या आड माणूस किती काय लपवतो ते त्याचं त्यालाच माहीत.

यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता जाहीर व्हायची होती. बुधवारी मास्तर दोन घरी गेले, गुरुवारी सकाळी आणखी दोन घरी. एका ठिकाणी खेळाडूचे वडील रागाने आत निघून गेले, एका ठिकाणी खेळाडूनेच त्यांची समजूत काढली. उरलं पाचवं घर. ते त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे आईचं. धाकटा आईजवळ राहायचा.

गुरुवारी दुपारी ते निघाले. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंत गेले. तिथून आईची गॅलरी दिसायची. आई दोरीवरचे कपडे काढत होती आणि धाकटा तिच्या हातातून घेऊन घड्या करत होता. मास्तर दुकानात शिरले, एक साबणाची वडी घेतली आणि घरी परतले. बायकोने विचारलं, साबण कशाला आणला, घरात सहा वड्या आहेत. ती काय समजायचं ते समजली.

शुक्रवारी सकाळी त्यांना कारण सापडलं. भित्र्याला कारण सापडतंच, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. बूट घालता घालता ते बायकोला म्हणाले, तो भाऊ आहे म्हणून आपण त्याच्या घरी गेलो तर ती वेगळी वागणूक होईल, लोकांनी बोट दाखवायला नको.

"चौघांच्या घरी गेलात आणि त्याच्या गेला नाहीत," बायको म्हणाली, "मग वेगळी वागणूक कुठली झाली?"

तेव्हा अजून नऊच वाजले होते, पाचव्या घरी तीनदा जाऊन येता आलं असतं. मास्तर थेट कचेरीत गेले.

बारा वाजता त्यांनी माइकसमोर तेवीस नावं वाचली. धाकट्याचं नाव नाही म्हटल्यावर बातमीदारांत एकदम गलबला झाला. एकाने विचारलं, "भावाला तुम्ही स्वतः सांगितलंत का?" मास्तर म्हणाले, "सगळ्यांना सांगितलंय." दोन वर्षांत त्या खोलीत ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि बोलले ते इतक्या सहज की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. हे टीव्हीवर थेट चाललं होतं.

शनिवार त्यांनी कसाबसा काढला. शिबिराची कामं होती, पारपत्रं, बुटांचे आकार, डॉक्टरांचे कागद. धाकट्याचा फोन आला नाही आणि त्यांनीही केला नाही. रविवारी सकाळी मात्र त्यांना राहवेना. ते उठले आणि वाण्याच्या दुकानाकडे न बघता सरळ आईच्या दारात जाऊन उभे राहिले.

आईने दार उघडलं. ती रागावलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. मास्तर सवयीने खुर्चीकडे वळले.

"बसू नकोस," आई म्हणाली. "आधी सांगायचं ते सांगून घे, मग बस. तसंच करतोस ना तू सगळीकडे? तो गच्चीवर आहे, टाकी धुतोय."

गच्चीवर कोपऱ्यात सिमेंटची पाण्याची टाकी होती. झाकण बाजूला पडलेलं होतं आणि भोकातून धाकट्याचं डोकं आणि खांदे तेवढे वर आले होते. हातात ब्रश, केसांत शेवाळ. गच्चीवर दोघंच होते, तेव्हा इथे कुणाला मास्तर म्हणण्यात अर्थ नाही. थोरला टाकीजवळ जाऊन उभा राहिला. धाकट्याने वर पाहिलं.

"सर, ती बादली वर घ्या," तो म्हणाला. "गाळ आहे, सांभाळून."

ते फाटक इथून दोन मैलांवर होतं. आईच्या गच्चीवर आयुष्यात पहिल्यांदा 'सर' आणि 'घ्या' थोरल्याने ऐकलं. त्याने बादली वर ओढली, नळीजवळ ओतली, परत खाली सोडली. अशा तीन बादल्या झाल्या. चौथीच्या वेळी तो तळाच्या गाळाकडे बघत म्हणाला, "ह्या वेळी तुला घेता आलं नाही रे."

ब्रश थांबला.

"घेता आलं नाही?" धाकटा म्हणाला. "दोन वर्षं दुसऱ्यांना शिकवलंस, आणि माझ्या वाट्याला हे वाक्य?" मग तो थांबेचना. "बुधवारपासून रजा टाकून घरात बसलो होतो मी. आईला भाजीलासुद्धा जाऊ दिलं नाही, म्हटलं दादा येईल, दोघंही घरात असू दे. तुला तोंड उघडूच देणार नव्हतो. तू दारात आलास की आधी मीच सांगणार होतो, दादा, मी थांबतोय, माझं नाव घालू नकोस. डावीकडे जमत नाही आता, मला कळत नाही होय? पाठ करून ठेवलं होतं सगळं. आणि मग एका बातमीदाराचा फोन आला, वगळल्याबद्दल काय वाटतं म्हणून."

थोरल्याला हवं असलेलं 'तू' परत आलं होतं, पण हे असं. त्याने टाकीच्या कडेला हात टेकले. म्हणाला, उद्या सकाळीच बातमीदारांना सांगतो, की तू आधीच थांबायचं ठरवलं होतंस, म्हणून नाव नव्हतं.

"नको. एक खोटं पुरे झालं टीव्हीवर," धाकटा म्हणाला. "मी थांबलो नाही. मला काढलं. आता ते तसंच राहणार."

त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोळा वर्षं खेळलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडाने शेवट करायचा होता, आणि तो शेवट थोरल्याने एका साबणाच्या वडीसाठी घालवला होता.

खालून, जिन्याच्या तोंडाशी येऊन आईने हाक मारली. "बोलला का रे तो?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान वळवून ओरडला, "हो गं, बोलला."

इतका दुखावला गेला तरी अजून हा पोरगा आपल्याला वाचवतोय, हे बघून थोरल्याला स्वतःची शिसारी आली. पण त्याने ती मदत घेतली नाही. तो जिन्याकडे तोंड करून म्हणाला, "नाही बोललो, आई. आता बोलतो." आणि टाकीकडे वळून, इतरांच्या घरांत उभं राहून बोलायचा तसा सरळ उभा राहिला.

"ह्या वेळी मी तुला घेतलं नाही," तो म्हणाला. "डावीकडच्या खालच्या चेंडूवर तुला उशीर होतो. तिसरा म्हणून नेता आलं असतं, तसंही नेलं नाही. लोकांच्या तोंडाला घाबरलो. आणि घरी आलो नाही, कारण तुझ्या तोंडाला त्याहून घाबरलो. पटलं नाही तर मला बोल."

धाकट्याला सगळं आधीच ठाऊक होतं. टीव्हीवर ऐकलं होतं, पेपरात वाचलं होतं, स्वतःच्या कमरेने तर वर्षभर आधी सांगितलं होतं. तरी ते ऐकल्यावर त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो टाकीत खाली बसला, दिसेनासा झाला, आणि रडला. रिकाम्या टाकीत तो आवाज फार मोठा झाला. थोरल्याने समजूत काढली नाही. उभा राहून ऐकलं, संपेपर्यंत.

बऱ्याच वेळाने टाकीतून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग प्रश्न आला.

"तुला कधी दिसलं?"

"मागच्या मोसमात. तिसऱ्या सामन्यात, पहिल्या गोलच्या वेळी."

ब्रश पुन्हा भिंतीवर घासायला लागला.

"मला दुसऱ्यातच कळलं होतं," धाकटा म्हणाला. "तुझं लक्ष नसतं."